बुरशीविरोधी उपचारनीतीची चिकित्सा

पाटण खोऱ्यातील शिक्षकांना बुरशीची ओळख करून देण्याची गरज नाही. कोयनानगर परिसरात वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात चामड्याची चप्पल, कपाटातील वह्या, भिंतीचा चुना, गोठ्याजवळचा पेंढा, डब्यातली भाकरी, यांपैकी काहीच तिच्या तावडीतून सुटत नाही. शाळेत ओल्या पावाच्या तुकड्यावर बुरशी वाढवून दाखवण्याचा प्रयोगही आपण करतो. त्यातून विद्यार्थ्याच्या मनावर जे चित्र ठसते ते साधारण असे : बुरशी अन्न नासवते, पेनिसिलिन देते, किण्वाच्या रूपाने पाव फुगवते आणि फार तर अंगावर गजकर्ण उठवते. हे चित्र चूक नाही, पण अपुरे आहे. कर्करोगाच्या उपचारांमुळे ज्याची रोगप्रतिकारशक्ती काही आठवडे जवळजवळ नाहीशी झालेली असते, अशा माणसाला हीच पेंढ्यावरची बुरशी प्राणघातक ठरू शकते.

अशा रुग्णांना बुरशीविरोधी औषधे कोणत्या धोरणाने दिली जातात आणि ते धोरण आपल्याकडे कितपत लागू पडते, याचे परीक्षण या लेखात करायचे आहे. औषध कोणते, हा एक प्रश्न झाला. ते केव्हा सुरू करायचे, कोणत्या पुराव्यावर सुरू करायचे आणि केव्हा थांबवायचे, हा दुसरा व अधिक अवघड प्रश्न आहे. त्याच्या उत्तराला वैद्यकात उपचारनीती म्हणतात. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. कोणतीही उपचारनीती ही तिच्यामागे उभ्या असलेल्या तपासण्यांवर आणि रुग्ण रुग्णालयापासून किती दूर राहतो यावर अवलंबून असते. तपासण्या आणि अंतर वगळून केवळ नीती उचलली, तर ती कागदावर आधुनिक दिसते. रुग्णाच्या अंगावर मात्र उलटू शकते.

पहारेकरी नसलेले घर

ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू साधारण २ ते ३ मायक्रोमीटर व्यासाचे असतात. आपल्या केसाची जाडी याच्या वीस-पंचवीस पट भरेल. इतके लहान असल्यामुळे ते नाकात किंवा घशात न अडकता थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. आपण सारेच रोज असे शेकडो बीजाणू श्वासावाटे घेतो आणि तरीही आजारी पडत नाही. याचे कारण वायुकोशांतील भक्षक पेशी हे बीजाणू गिळतात. त्यांतून निसटून ज्यांना धाग्यासारखे अंकुर फुटतात, त्यांच्यावर रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तुटून पडतात.

निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सर्वसाधारणपणे २००० ते ७००० न्यूट्रोफिल असतात. कर्करोगाची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना मारतात. अस्थिमज्जेतील रक्तपेशींची जननी असलेल्या पेशीही झपाट्यानेच विभागत असल्यामुळे त्याही त्या माऱ्यात सापडतात. न्यूट्रोफिलांची संख्या ५०० च्या खाली गेली की जंतुसंसर्गाचा धोका बराच वाढतो. ती १०० च्या खाली जाऊन आठ-दहा दिवसांहून अधिक काळ तिथेच राहिली, तर बुरशीचा धोका ठळक होतो. रक्ताच्या तीव्र कर्करोगात आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणात ही स्थिती दोन-तीन आठवडेही टिकते. सर्वच कर्करुग्णांना हा धोका सारखा नसतो, हे येथेच नमूद करायला हवे. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगावरील बहुतेक उपचारांत न्यूट्रोफिल थोडे दिवस उतरतात आणि पुन्हा वर येतात. म्हणून उपचारनीतीचा पहिला प्रश्न 'कर्करोग आहे का?' हा नसून 'पहारा किती दिवस उठलेला राहणार?' हा असतो.

या अवस्थेत आणखी एक अडचण येते. रोगाची जी लक्षणे आपण पाहतो, ती पुष्कळदा शरीराच्या प्रतिकाराची असतात. पू होणे, सूज येणे, छातीत कफ साठणे ही न्यूट्रोफिलांच्या लढाईची चिन्हे आहेत. लढणाऱ्या पेशीच नसतील तर चिन्हेही उमटत नाहीत. बाकी उरतो फक्त ताप, आणि ताप तर जिवाणूंनीही येतो, विषाणूंनीही येतो आणि कधी औषधांनीही येतो.

बुरशी मारणे अवघड का?

जिवाणू आपल्या पेशींहून फार वेगळा असतो. त्याला केंद्रक नाही, त्याची पेशीभित्तिका निराळी, त्याची प्रथिने बनवणारी यंत्रणा निराळी. त्यामुळे त्याला मारून आपल्याला इजा न करणारी अनेक औषधे सापडली. बुरशी मात्र आपलीच दूरची नातलग आहे. तिला केंद्रक आहे, तंतुकणिका आहेत, आणि तिची बरीच यंत्रणा आपल्यासारखीच आहे. तिच्यात आणि आपल्यात मोजकेच फरक आहेत व औषधांना तेवढेच धरून चालावे लागते.

पहिला फरक पेशीपटलाचा. आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या पेशीपटलात त्याचाच भाऊबंद अर्गोस्टेरॉल असतो. ॲम्फोटेरिसिन बी हे औषध अर्गोस्टेरॉलला चिकटते आणि पेशीपटल निकामी करते. ॲझोल गटातील औषधे, म्हणजे फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसॅकोनॅझोल वगैरे, अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. दुसरा फरक पेशीभित्तिकेचा. ती बुरशीला असते, आपल्याला नसते. कॅस्पोफंजिनसारखी औषधे त्या भित्तिकेतील ग्लुकान या शर्करेची जोडणी थांबवतात. गंभीर संसर्गावरील आपले बहुतेक शस्त्रागार या तीन गटांतच संपते. ॲम्फोटेरिसिन थोड्या प्रमाणात कोलेस्टेरॉललाही चिकटते. ते मूत्रपिंडांना बाधते आणि रक्तातील पोटॅशियम उतरवते, ते भाऊबंदांतील या साम्यामुळेच. शिवाय देताना ते थंडी वाजून ताप भरवते.

या शोधांचा इतिहास मातीशी जोडलेला आहे. १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोन अमेरिकन संशोधक स्त्रियांनी व्हर्जिनियातील एका शेतातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून निस्टॅटिन मिळवले. १९५५ च्या सुमारास व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीतून ॲम्फोटेरिसिन बी हाती आले. या प्रयत्नांत महाराष्ट्रही मागे नव्हता. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. तेथील संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मातीतील एका स्ट्रेप्टोमायसिसपासून हमायसिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक वेगळे केले. त्या सूक्ष्मजीवाच्या नावातच पिंपरीचे नाव गुंफलेले आहे : स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. हमायसिनचा उपयोग मुख्यतः तोंडातील, त्वचेवरील अशा वरवरच्या संसर्गापुरता राहिला. शरीराच्या आत खोलवर रुजलेल्या बुरशीवर पुढील कित्येक दशके ॲम्फोटेरिसिन बी हाच आधार होता.

चार नीती

धोका असलेल्या रुग्णाला औषध केव्हा द्यावे, याची चार उत्तरे आज प्रचलित आहेत. ती मराठीत अशी मांडता येतील.

पहिले उत्तर : आधीच द्यावे. न्यूट्रोफिल उतरण्यापूर्वी किंवा उतरू लागताच संरक्षक औषध सुरू करायचे. दुसरे : अंदाजाने द्यावे. प्रतिजैविके चालू असूनही चार ते सात दिवस ताप हटत नसेल, तर बुरशी असणार असे धरून औषध सुरू करायचे. तिसरे : चाहूल लागताच द्यावे. नुसत्या तापावर न देता रक्तातील बुरशीच्या अंशांची चाचणी वारंवार करायची, छातीचा सी.टी. स्कॅन काढायचा आणि खूण दिसली तरच सुरू करायचे. चौथे : निदान पक्के झाल्यावर द्यावे. बुरशी प्रत्यक्ष ऊतीत दिसली किंवा प्रयोगशाळेत वाढवता आली की त्या जातीवर नेमके औषध द्यायचे.

चौथे उत्तर शास्त्रशुद्ध वाटते आणि शिक्षकाच्या मनाला ते पटकन भावते. आधी पुरावा, मग निष्कर्ष! परंतु येथे पुरावा हाती येईपर्यंत रुग्ण हातचा जाण्याची भीती असते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ॲस्परजिलसचा खोलवर संसर्ग झालेल्या २७७ रुग्णांमध्ये व्होरिकोनॅझोल आणि साधे ॲम्फोटेरिसिन बी यांची तुलना झाली. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटातील सुमारे ७१ टक्के आणि दुसऱ्या गटातील सुमारे ५८ टक्के रुग्ण हयात होते. नवे औषध सरस ठरले हे खरेच. पण उत्तम औषध मिळूनही तीन महिन्यांत शंभरातील एकोणतीस रुग्ण दगावले, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे. म्हणूनच पहिल्या तीन नीती जन्माला आल्या. आता त्यांच्याकडे एकेक करून पाहू.

आधीच द्यावे, तर

तीव्र मायलॉइड प्रकारच्या रक्तकर्करोगात पोसॅकोनॅझोल आधीपासून दिल्यास बुरशीचे संसर्ग आणि मृत्यूही कमी होतात, असे २००७ च्या अभ्यासात दिसून आले. या प्रकारच्या रुग्णांसाठी ही नीती आज भक्कम मानली जाते. पण लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा रक्तकर्करोग तीव्र लिम्फोब्लास्टिक या प्रकारचा असतो आणि तेथे एक पेच आहे.

त्या रोगावरील एक मुख्य औषध व्हिन्क्रिस्टिन. ते मिळते सदाफुलीपासून. आपल्या शाळांच्या आवारात फुलणारी तीच ही सदाफुली. व्हिन्क्रिस्टिनचा निचरा यकृतातील एका विशिष्ट विकराकडून होतो. ॲझोल औषधे नेमके त्याच विकराला अडवतात. दोन्ही औषधे एकत्र दिली तर व्हिन्क्रिस्टिन शरीरात साठून राहते आणि हातापायांतील नसा दुबळ्या होणे, आतड्याची हालचाल मंदावून तीव्र बद्धकोष्ठ होणे, झटके येणे असे परिणाम संभवतात. बुरशीपासून वाचवण्यासाठी दिलेले औषध कर्करोगावरच्या औषधाला विषारी करून सोडते. म्हणून 'सर्वांना आधीच द्या' हा सरसकट सल्ला आम्हाला मान्य होण्यासारखा नाही. येथे कोणत्या कर्करोगावर कोणते औषध चालू आहे, हे पाहूनच पुढे जावे लागते.

आणखी एक धोका शेताच्या बाजूने येतो. सांगली जिल्ह्यात तासगाव परिसरात द्राक्षाच्या बागा आहेत. वेलीवरील भुरी रोगावर जी बुरशीनाशके फवारली जातात, त्यांतील काही ट्रायझोल गटाची असतात. रुग्णालयातील ॲझोल औषधांचीच ही चुलत भावंडे. शेतातील मातीत, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात ॲस्परजिलसही राहतो. रोगाचे कारण नसताना त्याच्यावर वर्षानुवर्षे फवारा पडतो आणि त्यातून तगून राहणारे बीजाणू वाऱ्यावर पसरतात. ॲझोलना दाद न देणारा असा ॲस्परजिलस प्रथम नेदरलँड्समध्ये ठळकपणे लक्षात आला आणि २०१२ मध्ये भारतातील पर्यावरणातूनही त्याची नोंद झाली. याचा अर्थ बागायतदाराने फवारणी सोडावी असा नव्हे. दवाखाना आणि शेत हे दोन निरनिराळे विषय आहेत, ही आपली पाठ्यपुस्तकी विभागणी मात्र निसर्ग पाळत नाही.

अंदाजाने द्यावे, तर

अंदाजी उपचाराची रीत जगभर रूढ आहे. पण तिचा पाया केवढा? १९८२ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात ५० रुग्ण होते. १९८९ मध्ये युरोपातील दुसऱ्यात १३२. म्हणजे पुढे लक्षावधी रुग्णांना लागू झालेल्या या नीतीचा मूळ आधार १८२ माणसांचा आहे. त्या अभ्यासांनी दिशा योग्य दाखवली, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. नंतरचे बहुतेक मोठे अभ्यास मात्र 'या औषधापेक्षा ते औषध बरे का?' एवढेच विचारत राहिले. 'या तापात बुरशीचे औषध हवेच का?' हा मूळ प्रश्न बराच काळ बाजूला पडला.

किंमत मात्र रुग्ण मोजत होता. चिवट ताप असलेल्या अनेकांना बुरशी झालेलीच नसते. त्यांनाही मूत्रपिंडे बाधणारे औषध सलाइनमधून आठवडेच्या आठवडे घ्यावे लागते. औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये बंदिस्त करून दिले तर मूत्रपिंडांची हानी बरीच घटते, हे १९९९ मध्ये ६८७ रुग्णांच्या अभ्यासात सिद्ध झाले. पण लायपोसोमचे औषध साध्याहून कित्येक पटींनी महाग.

या बाबतीत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील कामाची नोंद घेतली पाहिजे. डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९९० च्या दशकात भारतीय लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन विकसित करून रुग्णांवर त्याच्या चाचण्या घेतल्या. पुढे ते फंगिसोम या नावाने बाजारात आले. रुग्णाला देण्यापूर्वी ते ध्वनिलहरींच्या साहाय्याने ढवळावे लागते, म्हणजे त्यातील गोळ्या लहान होतात. गरजेपोटी घडलेले हे संशोधन विज्ञानाच्या तासाला सांगण्याजोगे आहे.

महाग औषध जास्त दिले तर जास्त गुण येईल, हीही समजूत तपासून झाली आहे. २००७ मधील एका अभ्यासात काही रुग्णांना शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम आणि काहींना १० मिलिग्रॅम लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन दिले गेले. अनुकूल परिणाम पहिल्या गटात ५० टक्के आणि दुसऱ्या गटात ४६ टक्के आढळले. वाढीव मात्रेने फायदा झाला नाही, मूत्रपिंडांचा त्रास मात्र वाढला.

चाहूल लागताच द्यावे, तर

तिसरी नीती बुद्धीला सर्वांत समाधान देणारी आहे. ॲस्परजिलस वाढताना त्याच्या भित्तिकेतील गॅलॅक्टोमॅनन हा अंश रक्तात उतरतो. तो चाचणीत पकडता येतो. सी.टी. स्कॅनमध्ये फुप्फुसातील गाठीभोवती, चंद्राला पडणाऱ्या खळ्यासारखे, फिकट वलय दिसू शकते. बेल्जियममधील लूव्हाँ येथील डॉक्टरांनी २००५ मध्ये या खुणांच्या आधारे उपचार केले. अंदाजी रीतीने ३५ टक्के तापाच्या प्रसंगांत औषध द्यावे लागले असते. या रीतीने ते ७.७ टक्क्यांवर आले. ॲस्परजिलसचा एकही रोगी त्यांच्या नजरेतून सुटला नाही. मात्र एक रुग्ण सुटला. त्याला म्यूकर गटातील बुरशीचा संसर्ग होता.

आमच्या मते भारतीय वाचकाने या एका रुग्णाशी थांबले पाहिजे. म्यूकर गटातील बुरशी गॅलॅक्टोमॅननच्या चाचणीत दिसतच नाही. बेल्जियममध्ये म्यूकर विरळा, म्हणून एका रुग्णाची चूक सोसण्याजोगी. भारतात म्यूकरचे प्रमाण विकसित देशांच्या कित्येक पटींनी अधिक असल्याचे अंदाज आहेत. तेव्हा तीच चाचणी आपल्याकडे आणून 'निकाल नकारात्मक, म्हणून बुरशी नाही' असे म्हणणे म्हणजे माशांसाठी विणलेल्या जाळ्यात खेकडा सापडला नाही, म्हणून नदीत खेकडेच नाहीत असे म्हणण्यापैकी आहे. शिवाय व्होरिकोनॅझोल, जे ॲस्परजिलसवर उत्तम, ते म्यूकरवर चालत नाही. तेथे ॲम्फोटेरिसिन, पोसॅकोनॅझोल किंवा आयसॅव्हुकोनॅझोल लागते आणि शक्य तेथे शस्त्रक्रियेने मृत ऊती काढाव्या लागतात.

२००९ मधील फ्रान्समधील अभ्यासात २९३ रुग्णांवर दोन्ही नीतींची समोरासमोर तुलना झाली. अंदाजी गटात ९७.३ टक्के आणि चाहूल गटात ९५.१ टक्के रुग्ण वाचले. हा फरक फार नाही. बुरशीचे संसर्ग मात्र अनुक्रमे २.७ आणि ९.१ टक्के आढळले. औषध वाचले, पण संसर्ग अधिक झाले. ते निभावले, कारण रुग्ण डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होते आणि तपासणीचे उत्तर वेळेत मिळत होते. ही अट निष्कर्षाच्या ओळीत लिहिलेली नसते, पण निष्कर्ष तिच्यावरच उभा असतो.

२०२१ ची शब्दकळा

म्यूकरचे नाव घराघरांत पोचले ते कोविडच्या दुसऱ्या लाटेत. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने या रोगाची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. महाराष्ट्रात रुग्णसंख्या मोठी होती आणि ॲम्फोटेरिसिनसाठी नातेवाइकांची वणवण झाली. वृत्तपत्रांनी रोगाला 'काळी बुरशी' म्हटले. पाठोपाठ 'पांढरी' आणि 'पिवळी' बुरशीही मथळ्यांत आली.

या शब्दयोजनेवर आमचा आक्षेप आहे. म्यूकर गटातील बुरशी काळी नसते. वाढवली तर ती करड्या-पांढऱ्या कापसासारखी दिसते. काळा पडतो तो रुग्णाचा ऊतीभाग. बुरशीचे धागे रक्तवाहिन्यांत शिरतात, रक्तप्रवाह बंद करतात आणि रक्ताअभावी ऊती मरतात. 'काळी बुरशी' म्हणताच लोक भिंतीवरचे, कांद्यावरचे काळे डाग घासत बसले. रक्तातील अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही प्रमुख कारणे मागे पडली. रंगावरून नाव दिल्याने भीती वाढली, समज वाढली नाही. रोग नवा आहे हा समजही चूक होता. कर्करोगाच्या व मधुमेहाच्या विभागांत काम करणाऱ्यांना तो कितीतरी आधीपासून ठाऊक होता.

पाटणला हीच नीती कशी दिसेल?

पाटणहून कराड सुमारे ३५ किलोमीटर. तेथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय कराड-पुणे मार्गे ३०० किलोमीटरहून दूर. डोंगरावरच्या वाडीतून पाटणला उतरणे हा पावसाळ्यात वेगळाच प्रवास. रक्तकर्करोगाचा रुग्ण सगळा काळ रुग्णालयात नसतो; दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत तो घरी येतो. ज्या दिवसांत न्यूट्रोफिल सर्वांत खाली असतात, नेमके तेच दिवस कधी कधी घरी जातात.

अशा रुग्णासाठी 'चाहूल लागताच' ही नीती कोणाच्या कानांवर अवलंबून राहील? गॅलॅक्टोमॅननची चाचणी मोठ्या प्रयोगशाळेत होते. नमुना पाठवून उत्तर यायला चार दिवस लागले, तर चाहूल लागली तेव्हा पाहुणा घरात शिरून चार दिवस झालेले असतात. म्हणून आमचा निष्कर्ष असा. तपासणीचे उत्तर एक-दोन दिवसांत मिळत असेल आणि रुग्ण रुग्णालयाच्या आवाक्यात असेल, तेथे तिसरी नीती उत्तम. जेथे तसे नाही, तेथे मोठ्या धोक्याच्या रुग्णाला निवडक संरक्षक औषध देणे, न्यूट्रोफिल उतरण्याच्या दिवसांत त्याची राहण्याची सोय रुग्णालयाजवळ करणे आणि चिवट तापात म्यूकरही ध्यानात ठेवून अंदाजी उपचार करणे, हे जुनाट न मानता प्रामाणिक मानावे. यातील औषधाचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांचाच. पण रुग्णालयाजवळची धर्मशाळा, तापमापी आणि रात्री मिळणारे वाहन हीसुद्धा उपचारनीतीचीच अंगे आहेत, हे मार्गदर्शक तत्त्वांच्या पुस्तिकांनी लिहायला हवे. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशींची पहिली अग्रक्रम यादी प्रसिद्ध केली. तीत ॲस्परजिलस फ्युमिगॅटस सर्वोच्च गटात आणि म्यूकर गट त्याखालोखाल आहे. यादी स्वागतार्ह आहे. तिच्यापासून वाडीपर्यंतचा रस्ता आपल्यालाच बांधायचा आहे.

शिक्षकांनी काय करावे?

लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगात योग्य उपचार पूर्ण झाल्यास बहुसंख्य मुले बरी होऊ शकतात. अशी मुले उपचार चालू असतानाच किंवा संपल्यावर शाळेत परततात. त्यांच्या शिक्षकाला तीन गोष्टी ठाऊक असाव्यात.

पहिली, ताप. अशा मुलाच्या अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप दिसला, तर ती त्याच दिवसाची, खरे तर त्याच तासाची निकड समजावी. तापाची गोळी देऊन 'उद्या बघू' म्हणू नये. गोळीने ताप उतरतो आणि एकमेव खूणही पुसली जाते. पालकांना तत्काळ कळवून मुलाला रुग्णालयात धाडण्याची व्यवस्था करावी.

दुसरी, धूळ. अशा मुलाला पेंढा हलवणे, जुनी अडगळ झाडणे, शाळेच्या दुरुस्तीचे काम चालू असलेल्या खोलीत बसणे यांपासून दूर ठेवावे. पावावरील बुरशीचा प्रयोग करायचाच असेल, तर पाव पारदर्शक डब्यात ठेवून झाकण चिकटपट्टीने बंद करावे, ते पुन्हा उघडू नये आणि प्रयोग संपल्यावर डबा तसाच टाकून द्यावा. उपचार चालू असलेल्या मुलाला हा प्रयोग चित्रावरून समजावून द्यावा.

तिसरी, भीती. ॲस्परजिलसचा किंवा म्यूकरचा हा रोग एका मुलाकडून दुसऱ्या मुलाला होत नाही. कर्करोगही होत नाही. त्या मुलाला वेगळ्या बाकावर बसवण्याचे काही कारण नाही. उलट सर्दी-खोकला झालेल्या इतर मुलांनी त्याच्यापासून चार दिवस लांब बसावे, हे शहाणपणाचे.

पाठ्यपुस्तकातील बुरशीच्या धड्याला ही एवढी पुरवणी शिक्षक स्वतः जोडू शकतात. पेनिसिलिनची गोष्ट सांगताना पिंपरीची आणि के.ई.एम.ची सांगावी. सदाफुलीचे फूल दाखवताना व्हिन्क्रिस्टिनचे नाव घ्यावे. आणि वर्गात कोणी विचारलेच, की इतकी औषधे असूनही माणसे का दगावतात, तर औषध वेळेवर पोचणे हाही औषधाचाच एक भाग आहे, असे उत्तर द्यावे.